वहिनी म्हणजे छप्पन्न

काटेदुरुस्तीच्या त्या दुकानात मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं: वहिनी ५६. मधे भिंतीला दोनदा रंग लागला, तेव्हा रंगाऱ्याला तेवढी वीतभर जागा सोडायला लावली होती.

त्याचं असं. वजनाचा मोठा काटा दुरुस्त झाला की आधी त्याच्यावर सरकारी छापाची लोखंडी वजनं चढवून बघायची, आणि गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी शेवटचं म्हणून एक माणूस उभं करायचं. लोखंड मुकाट बसतं. माणूस हलतं, वळतं, शिंकतं. काटा माणसाला पुरून उरला तर पोत्यालाही पुरेल, असं मालकांचं म्हणणं. मालक स्वतः उभे राहायच्या कामाचे नव्हते, कारण त्यांच्या खिशांत रोज वेगवेगळे पाने आणि स्क्रू. मोठ्या काट्यांचा कारागीर क्विंटल याला हे नाव कशावरून पडलं ते सांगायला नकोच. तो काट्यावर उभा राहिला की त्याला पोटापलीकडची तबकडी दिसत नसे. म्हणून उभं राहायचं ते वहिनींनी. सुई छप्पन्नवर येऊन थांबायची, क्विंटल म्हणायचा, "सरकारी शिक्का बसला!" आणि काटा हातगाडीवर चढायचा.

वहिनींचं स्वतःचं टेबल मात्र खिडकीजवळ, बारीक काट्यांचं. औषधवाल्यांचे, सोनारांचे, प्रयोगशाळांचे काचेच्या पेटीतले काटे, ज्यांच्याजवळ श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडायचा. ते टेबल आधी त्यांच्या नवऱ्याचं. त्याने हौसेने बायकोला काम शिकवलं आणि नऊ वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून त्याच स्टुलावर वहिनी. त्याने दोन गोष्टी पढवल्या होत्या. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा; दोन फिरवले की कशाने काय झालं ते देवालाही सांगता येत नाही. आणि फिरवलेला प्रत्येक आटा काट्याला दोऱ्याने बांधलेल्या कार्डावर लिहायचा, तारखेसकट. क्विंटलने एकदा कार्ड कोरं ठेवलं होतं, तर वहिनींनी त्याची अशी काही हजेरी घेतली की एवढा धिप्पाड माणूस दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होता.

आता या बाईने स्वतःच्या बाबतीत काय करावं?

दोन वर्षांपूर्वी वहिनी आजारी पडल्या. तीन महिने घरी होत्या, आणि कामावर परतल्या त्या थेट छप्पन्न होऊनच, त्यामुळे मधल्या काळात त्या किती खंगल्या होत्या ते दुकानात कुणी पाहिलं नाही. दुकानात त्यांनी सांगितलं, थायरॉइड. ते खरं होतं, पण अर्धं. गळ्यातली ग्रंथी मंदावली होती तशीच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींनीही काम टाकलं होतं. थायरॉइडची गोळी पहाटे अनशापोटी. दुसरी गोळी दिवसातून तीनदा, उठल्याउठल्या सगळ्यांत मोठी. ही दुसरी गोळी स्टेरॉइडची, आणि हा शब्द वहिनींनी तोंडातून बाहेर काढला नाही. स्टेरॉइड म्हटलं की लोक आधी चेहरा बघतात आणि मग हात. खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या बाईच्या हाताकडे लोकांनी बघायला लागणं म्हणजे टेबल गेलंच.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग एका लग्नाचा फोटो आला, त्यात वहिनींना आपला चेहरा गोल दिसला. शेजारची एक बाई जिन्यात म्हणाली, "तब्येत छान सुधारली हो तुमची." झालं. त्या एका वाक्याने जे केलं ते चार डॉक्टरांना निस्तरता आलं नसतं.

वहिनींनी सकाळची गोळी तासायला सुरुवात केली. तासायला म्हणजे अक्षरशः. दाढीच्या पात्याने कड खरवडायची आणि दुकानात सगळ्यांच्या आधी पोचून, प्रयोगशाळेच्या काट्यावर गोळी तोलायची. आख्खी गोळी एकशेसाठ मिलिग्राम भरते, त्यात औषध दहा. मग औषध आठवर आणायचं तर गोळी एकशेअठ्ठावीसवर आणली पाहिजे. आठवरून सात. सातवरून सहा. हिशेब चोख होता. असल्या कामातला चोखपणा माणसाला फार भुलवतो.

चेहरा उतरला, तशी ताकदही उतरली. जिना चढताना मधेच थांबावं लागे. थकवा म्हणजे थायरॉइड, हे तर सगळं जग सांगतं. कपाटात थायरॉइडच्या जुन्या डोसाची पाकिटं पडून होती, पंचवीस मायक्रोग्रामची. वहिनींनी पहाटेच्या गोळीबरोबर त्यातली एक जास्तीची सुरू केली. पुढे दोन.

आणि मग त्यांच्या पायाला भिंगरी लागली.

बसवेना. उभं राहवेना. चहा कपात ओतायच्या आधीच कप विसळायला घेतलेला असे. काळीज उगाच धडधडे, बोटांच्या टोकांशी बारीक थरथर सुरू असे, आणि या सगळ्याखाली अंग मात्र पोतेऱ्यासारखं गळलेलं. पळायची घाई आहे आणि पायात बळ नाही, असं ते विचित्र प्रकरण होतं. तीन दिवसांत त्यांनी भांड्यांचं कपाट दोनदा लावलं आणि दोन्ही वेळा अर्ध्यात सोडलं.

घरी त्यांच्यासोबत नणंद असे. नवऱ्याची धाकटी बहीण, शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट, लग्न न केलेली. भाऊ गेल्यावर ती इथेच राहिली आणि दोघींचं गूळपीठ जमलं. वहिनी तिला चेष्टेने 'वन्सं' म्हणायला लागल्या होत्या, तेच कायम झालं.

"वहिनी, तू मीठ खातेयस?" एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

वहिनींच्या तळहातावर चिमूटभर मीठ होतं. "चव बघत होते, वन्सं."

"मिठाची? ती काय रोज बदलते?"

"बदलते एखाद्या पुड्याची."

"चार दिवस बघतेय मी. काल बरणीशी, परवा डब्याशी. आणि ती कंबर बघ, पिन लावून किती आत घेतलीस. डॉक्टरकडे कधी जायचंय?"

"पुढच्या महिन्यात. तारीख आहे माझी. तुम्ही तुमची टायपिंगची कामं बघा."

एवढं तिखट बोलून वहिनींनाच वाईट वाटलं. एरवी त्या असं बोलत नसत. पण हल्ली तोंडातून शब्द निसटायचा आणि मग त्यांच्याच अंगाचा तिळपापड व्हायचा. वन्संने मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली, आणि वहिनींचा हात तिथपर्यंत पोचत नाही हे दोघींनाही माहीत होतं.

त्या आठवड्यात दुकानातली सगळी लोखंडी वजनं तपासणीला गेली. वर्षातून एकदा ती मापं तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात न्यावी लागत. तिथे त्यांच्यावर नवा छाप बसे. मालक स्वतः घेऊन गेले होते. तीन दिवस दुकानात मोठं वजन म्हणून काही नव्हतं.

शनिवारी धान्याच्या गोदामाचा मोठा काटा न्यायला हातगाडी दाराशी आली. काटा तयार होता, फक्त शेवटचं बघायचं होतं.

"वहिनी, या दोन मिनिटं," क्विंटलने हाक मारली.

वहिनी खिडकीजवळ सोनाराच्या काट्याशी झटत होत्या. चिमट्यात धरलेलं इवलं वजन तिसऱ्यांदा खाली पडलं होतं. सुटका झाल्यासारख्या त्या उठल्या आणि काट्याच्या फळीवर जाऊन उभ्या राहिल्या. समोर दार होतं, पाठीमागे तबकडी. पायांची चुळबूळ चालूच होती.

"हलू नका हो."

"नाही हलत, भावजी. बघा लवकर."

क्विंटलने तबकडीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "हात्तिच्या! एक्कावन्न दाखवतोय." तो खाली बसला, पाना घेतला, आणि घामाघूम होत स्क्रू फिरवत गेला. "अडीच आटे. हां. आलं छप्पन्न. तरी म्हटलं, एवढा कसा उतरला हा."

वहिनींनी ते ऐकलं. ऐकलं आणि मनात काहीतरी टोचलं, पण त्याच क्षणी त्यांना आठवलं की सोनाराच्या काट्याची पेटी उघडी राहिली आहे, वारा लागेल, आणि त्या तरातरा खिडकीकडे गेल्या. त्या दिवसांत त्यांचा कुठलाही विचार शेवटापर्यंत पोचतच नव्हता.

बुधवारी काटा परत आला. सोबत गोदामवाला, लालबुंद.

"पन्नासचं बंद पोतं ठेवलं तर पंचावन्न! दोन दुकानदार माझ्या अंगावर धावून आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी तुमचं, आणि मला मापात पाप करणारा ठरवता? ऑफिसात तक्रार करू का सरळ?"

मालक आदल्याच दिवशी वजनं घेऊन परतले होते. त्यांनी नव्या छापाची दोन वजनं फळीवर चढवली. पन्नासला पंचावन्न. त्यांनी काट्याला बांधलेलं कार्ड हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं: "शनिवार. वहिनींना ५१ दाखवत होता. अडीच आटे फिरवले. आता ५६. बरोबर."

"बघू," मालक म्हणाले. क्विंटलने अडीच आटे उलटे फिरवले. सुई पन्नासवर येऊन अशी थांबली की जणू कधी हललीच नव्हती.

"म्हणजे काटा आधी ठीक होता," मालक सावकाश म्हणाले. "आणि तू बिघडवलास."

"मालक, वहिनी उभ्या होत्या. वहिनी म्हणजे..."

"वहिनी म्हणजे छप्पन्न हे मलाही ठाऊक आहे! तू तबकडी वाकडी वाचलीस. स्वतःच्या पोटावरून वाचलीस." मालकांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "सील माझं आहे. उद्या तक्रार गेली तर दुकानाला टाळं लागेल. आजपासून मोठ्या काट्यांना हात लावायचा नाहीस. दुसरा माणूस बघतो मी."

क्विंटल उभा होता. त्या अवाढव्य अंगावर हात कुठे ठेवावेत ते त्याला उमगत नव्हतं. "चुकलं असेल," तो म्हणाला. "माझंच वाचायला चुकलं असेल." त्याने वहिनींकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण भिंतीवरच्या आकड्याबद्दल त्याच्या मनात तसूभर शंका नव्हती. एकवीस वर्षं काम केल्यावर माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला आणि खडूच्या अक्षरांवर विश्वास ठेवला.

वहिनी खिडकीजवळ बसून होत्या. बसून म्हणजे काय, स्टूल तेवढं खाली होतं. त्यांना सगळं उमगलं होतं, आता मात्र थेट शेवटापर्यंत. कंबरेची पिन. जिना. पातं. गप्प बसलं तर कुणी विचारणारही नव्हतं. क्विंटल मान खाली घालून निघून गेला असता, चार दिवसांत नवा माणूस आला असता, आणि खिडकीजवळचं टेबल वहिनींकडेच राहिलं असतं. बोललं तर आधी वजन निघेल, मग गोळी, मग तो शब्द, आणि शेवटी सगळे त्यांच्या हाताकडे बघतील. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चिमट्याची दोन टोकं एकमेकांवर बारीक टकटकत होती.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. काचपेटी उघडली, परत बंद केली. उठल्या, पाण्याच्या माठापर्यंत गेल्या, पाणी न पिताच परतल्या. नवऱ्याचं स्टूल त्यांनी एकदा टेबलाखाली सरकवलं आणि परत बाहेर ओढलं. गोदामवाल्याचा आवाज चालूच होता. क्विंटल आपला डबा आणि कोट गोळा करायला लागला होता, आणि कोटाची बाही उलटी असल्यामुळे त्याचा हात आत जात नव्हता. ते मात्र वहिनींना बघवेना.

त्या सरळ चालत जाऊन काट्याच्या फळीवर उभ्या राहिल्या. चपला काढून, तबकडीकडे तोंड करून.

"भावजी, इकडे या. वाचा."

"राहू द्या हो वहिनी..."

"वाचा म्हणते ना!"

क्विंटल आला. वाकला. मालकही आले. सुई साडेपन्नासवर होती.

"काटा शनिवारी बरोबर होता," वहिनी म्हणाल्या. "भावजींनी वाचलं तेही बरोबर होतं. मी छप्पन्न नाहीये. मी मनाने औषधं कमीजास्त केली, दोन-दोन एकदम, आणि कुणाला बोलले नाही. स्टेरॉइड आहे मला, मालक. जन्मभराचं आहे. हात थरथरतात माझे. महिनाभर थरथरतायत. टेबल जाईल म्हणून लपवलं."

एवढं सांगून झालं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकी काळी झाली. क्विंटलने त्यांना अलगद धरलं आणि तिथेच फळीवर बसवलं. गोदामवाला, जो अजून तक्रारीच्या तयारीत होता, तोच धावत जाऊन पाणी घेऊन आला. "मीठ घाला त्यात," वहिनी पुटपुटल्या.

वन्सं शाळेतून तशीच आली, बोटांना शाई, आणि दोघी थेट डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर वयाने लहान, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. तिने वहिनींचा रक्तदाब बसवून घेतला, मग उभं करून घेतला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आधी सुई टोचली, सलाईन लावलं, मग रक्त काढलं. तासाभराने वहिनींच्या अंगात जरा धुगधुगी आल्यावर ती खुर्ची ओढून बसली.

"आता सगळं सांगा. किती कमी केलं?"

"दहाचं सहा. आणि पहाटेची पन्नासने जास्त."

"सहा हे अंदाजे?"

"तोलून."

डॉक्टरने मान वर केली, पण त्या वाटेला गेली नाही. "एक गोळी तुम्ही काढून घेतलीत, ती अंगाला टेकू देणारी, अंगातलं मीठही धरून ठेवणारी. आणि दुसरी जी वाढवलीत, ती उरलासुरला टेकूही लवकर संपवते. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं आणि साधा ताप आला असता, तर तुमच्या नणंदेने तुम्हाला चालवत आणलं नसतं. कधीपासून करताय? तारखा सांगा. कोणत्या दिवशी काय बदललंत?"

वहिनींना मिलिग्राम सगळे पाठ होते. तारीख एकही नव्हती.

"लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांना एवढी लाज क्वचित वाटली असेल.

ठरलं ते असं. दोन्ही गोळ्या आजच्या आज मूळच्या जागी. त्यानंतर सहा आठवडे कशालाही हात लावायचा नाही, मग रक्त तपासायचं, आणि बदलायचं झालं तर डॉक्टर बदलेल, एकच. ताप आला तर स्टेरॉइडची गोळी दुप्पट. उलटी होऊन पोटात ठरली नाही तर वाट न बघता सुई. आणि चेहऱ्याचं? "चेहऱ्याचं तुम्ही मला येऊन सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाली. "त्यासाठीच मी बसलेय इथे." वन्संने सगळं टिपून घेतलं, घरी जाऊन टाइप केलं, आणि मिठाची बरणी खालच्या फळीवर आणून ठेवली. बोलली एवढंच: "मला सांगितलं असतंस तर मी काय तुझं टेबल मागणार होते?"

वहिनींनी रडून घेतलं. बरेच दिवस तेवढं बसणंही त्यांना जमलं नव्हतं.

दुकानात मालकांनी क्विंटलची माफी मागितली, आणि ती फार वाईट तऱ्हेने मागितली, म्हणजे त्याला नवा कोट आणून दिला, जो बसला नाही. गोदामवाल्याने तक्रार केली नाही. टेबलाचं मात्र कुणी बोलेना. तेव्हा वहिनींनीच चिमट्याची पेटी उचलली आणि क्विंटलच्या हातात ठेवली. "सहा आठवडे खिडकीजवळ तुम्ही, भावजी. श्वास तोंड फिरवून सोडायचा. आणि एका वेळी एकच."

"माझी बोटं बघितलीत का, वहिनी?"

"थरथरत नाहीत ना? पुरे."

त्या स्वतः मोठ्या काट्यांचा गंज खरवडत बसल्या. धडधड एका दिवसात गेली नाही. पायातली भिंगरीही गेली नाही, दर पाच मिनिटांनी उठून खिडकीजवळ काय चाललंय ते बघावंसं वाटे, आणि त्या उठून बघत, आणि क्विंटल पाठमोराच म्हणे, "बसा." नवऱ्याच्या स्टुलाचा एक पाय त्याच्या वजनाने करकरत होता. तो आवाज त्यांना दिवसभर ऐकावा लागे. सातव्या आठवड्यात ते टेबल परत मिळेल की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी एक काटा जायचा होता. लोखंडी वजनं चढवून, उतरवून झाली. सवयीने सगळे वहिनींकडे बघायला लागले आणि मग चटकन दुसरीकडे बघायला लागले. वहिनींनी चपला काढल्या आणि फळीवर उभ्या राहिल्या.

क्विंटल तबकडीशी वाकला. सुई हलली, हेलकावली, थांबली. त्याने भिंतीकडे पाहिलं. एकवीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप पान्याकडे गेला.

आणि तिथेच थांबला. त्याने हात मागे घेतला, भिंतीपाशी गेला, तळहाताने जुना आकडा पुसून काढला. मग खडू घेऊन, जीभ दातांत धरून, मोठ्या अक्षरांत लिहिलं: वहिनी ५२॥, म्हणजे साडेबावन्न. खाली तारीख घातली.

"काट्याला हात लावला नाही," तो म्हणाला.